1914 चा लोखंडी क्रॉस: खरा की खोटा, आणि होता कोणाचा?

कोंदण

जर्मन पदकांबद्दल इथे जे प्रश्न येतात, त्यातले बरेचसे एकाच चिन्हाबद्दल असतात: पहिल्या महायुद्धातला दुसऱ्या दर्जाचा लोखंडी क्रॉस, म्हणजे संग्राहकांच्या बोलीत 'ईके-टू'. म्हणून त्यावरच स्वतंत्र धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. हे चिन्ह प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने नेपोलियनविरुद्धच्या युद्धात 10 मार्च 1813 या तारखेने सुरू केलं. ती तारीख दिवंगत राणी लुईझे हिच्या वाढदिवसाची. 19 जुलै 1870, 5 ऑगस्ट 1914 आणि 1 सप्टेंबर 1939 रोजी त्याचं पुनरुज्जीवन झालं. 1914 ते 18 या काळातल्या दुसऱ्या दर्जाच्या क्रॉसची संख्या सुमारे 52 लाख धरली जाते, पहिल्या दर्जाची सुमारे 2 लाख 18 हजार. जर्मनीने त्या युद्धात एक कोटीहून जास्त माणसं उभी केली, तेव्हा ईके-टू ही दुर्मिळ वस्तू नाही. सुटा क्रॉस 'अतिदुर्मिळ' म्हणून कोणी विकत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

आता वस्तू. रुंदी साधारण 42 मिलिमीटर, वजन कडीसकट 15 ते 20 ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला मधोमध W, वरच्या भुजेत मुकुट, खालच्या भुजेत 1914. दुसऱ्या बाजूला ओकची पानं, वर मुकुट आणि FW, खाली 1813. ही 1813 ची बाजू पाहून 'दोनशे वर्षं जुनं पदक' अशी जाहिरात होते. साल पाहायचं ते W च्या बाजूचं.

बांधणी तीन भागांची. मधे काळा रंग दिलेला लोखंडी गाभा आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चांदीच्या चौकटीच्या दोन पाती, कडेला झाळून एकमेकींना जोडलेल्या. ही बांधणी डोक्यात पक्की असली की निम्म्या नकला दुरूनच ओळखू येतात.

1. लोहचुंबक दोऱ्याला बांधून गाभ्याजवळ न्या. तो ओढला गेला पाहिजे. निओडिमियमचा जाडजूड तुकडा थेट टेकवू नका, तो फटकन चिकटतो आणि रंगाचा टवका उडतो.
2. 10 पट भिंगाने भुजांची कड पाहा. दोन पातींमधली सांधरेघ चारही भुजांवर दिसायला हवी. काही कारागिरांनी ती इतकी सफाईने घासली आहे की फक्त कोपऱ्यात सापडते, पण सापडते.
3. चौकटीच्या आतल्या कडेची दाणेदार नक्षी पाहा. साच्यात दाबून काढलेल्या चौकटीत प्रत्येक दाणा सुटा आणि धारदार असतो. ओतीव नकलेत दाणे वितळल्यासारखे एकमेकांत मिसळतात, आणि खोलगट भागात हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे राहतात.
4. गाभा आणि चौकट यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. एकसंध ओतलेल्या तुकड्यावर काळा रंग देऊन ही फट 'रंगवलेली' असते. भिंगाखाली रंग चौकटीवर सांडलेला दिसतो.
5. W, मुकुट आणि आकडे यांच्या उंच भागावर रंग झिजून करडं लोखंड उघडं पडतं. झीज उंच जागी कमी आणि खोलगटात जास्त असेल तर ती कोणीतरी मुद्दाम केली आहे.

कडीवर बहुधा कारखान्याची खूण असते. KO म्हणजे बर्लिनची शाही टांकसाळ, Fr म्हणजे गेब्रुडर फ्रीडलेंडर, WS म्हणजे वाग्नर उंड झोन, CD 800 म्हणजे फोर्त्सहाइमचा कार्ल डिलेनियुस.

---

अडकित्ता

कडीच्या खुणेवर फार विसंबू नका. कडी ही मोकळी वस्तू आहे, चिमट्याने मिनिटात बदलता येते. चांगल्या खुणेची कडी मोडक्या क्रॉसवरून काढून बिनखुणेच्या क्रॉसला घातली की भाव वाढतो. त्यामुळे कडीची खूण आणि गाभ्याचा साचा जुळतो का ते पाहावं लागतं. प्रत्येक कारखान्याच्या साच्यात मुकुटाचे मणी, W चे टोक, 9 ची शेपटी यांत बारीक फरक आहेत. खात्रीच्या नमुन्याचा मोठा फोटो शेजारी ठेवून तुलना करा.

शिवाय बिनखुणेचा क्रॉस खोटा ठरत नाही. खूण नसलेले अस्सल क्रॉस भरपूर आहेत.

---

नलिनी_न

माझ्याकडच्या ईके-टूला चुंबक अजिबात ओढत नाही. विकणाऱ्याचं म्हणणं, हा नौदलाचा आहे, होकायंत्रावर परिणाम होऊ नये आणि खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून पितळी गाभा वापरायचे. बाकी सांधरेघ, दाणे, झीज सगळं वर लिहिल्याप्रमाणे आहे. काय समजावं?

---

अडकित्ता

नलिनीताई, नौदलाची ही कथा जगभर सांगितली जाते, कारण तिने बिनलोखंडी गाभ्याचे क्रॉस चढ्या भावात खपतात. कथा सोडा, तुकडा पाहा. अस्सल बिनलोखंडी गाभे आहेत. सैनिक स्वतःच्या पैशाने दुकानातून दुसरा क्रॉस घ्यायचे आणि दुकानी मालात असे प्रकार सापडतात. सांधरेघ आणि दाणे बरोबर असतील तर तो जुना असण्याची शक्यता चांगली आहे, पण त्यावरून तो खलाशाचा ठरत नाही. खलाशाचा म्हणायला नौदलाचा कागद लागेल.

---

कोंदण

पहिल्या दर्जाबद्दल दोन शब्द, नाहीतर तो प्रश्न येणारच. ईके-वन फितीवर नसतो, छातीवर डाव्या बाजूला टाचणीने लावतात आणि त्याची मागची बाजू साधी असते. काही सपाट, काही किंचित फुगीर. मागे टाचणीऐवजी आट्याची चकती असेल तर तो बहुधा खाजगी खरेदीचा. चांदीची '800' खूण टाचणीवर, टाचणी अडकवायच्या आकडीजवळ किंवा पाठीवर मिळते. टाचणी बदललेली असेल तर बिजागरीभोवती झाळेचा ताजा, चकचकीत डाग दिसतो, जुनी झाळ आसपासच्या चांदीइतकीच काळवंडलेली असते.

पहिला दर्जा मिळायला दुसरा आधी मिळालेला असावा लागे (दोन्ही एकदमही देता येत). म्हणून 'फक्त ईके-वन' असा संच दिसला की दुसरा कुठे गेला हे विचारा.

---

तळेगावकर

वस्तू खरी ठरली, पण ती कोणाची हे कसं काढायचं? आपल्याकडच्या घरांतून ब्रिटिश युद्धपदकं निघतात, त्यांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण सगळं कोरलेलं असतं. सहाव्या (पूना) डिव्हिजनमधल्या 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात होत्या, त्यातल्या शिपायाचं पदक हातात आलं की कड वाचून शोध सुरू करता येतो. जर्मन क्रॉसवर तर काहीच नाही.

---

खारीक

तळेगावकर, खरी मेख हीच आहे. जर्मन पदकं सरकारकडून बिननावाची दिली गेली. नाव कागदावर असे, धातूवर नाही. म्हणून कागदापासून तुटलेला क्रॉस हा फक्त एक अस्सल क्रॉस राहतो, त्यावरून माणसापर्यंत जाता येत नाही. 'संशोधन' करायचं असेल तर खरेदीच संच म्हणून करा: क्रॉस, प्रमाणपत्र आणि जमल्यास लष्करी पासबुक.

तीन कागद लक्षात ठेवा.

बेझित्सझॉइग्निस, म्हणजे धारण-प्रमाणपत्र. हुद्दा, नाव, तुकडी, तारीख, अधिकाऱ्याची सही आणि तुकडीचा शिक्का. बऱ्याचदा ते 'तात्पुरतं' असतं, डिव्हिजनने किंवा रेजिमेंटने घाईत छापून घेतलेलं, त्यामुळे नमुने शेकडो. 1919 किंवा 1920 ची तारीख पाहून बिचकू नका, राहिलेले प्रस्ताव युद्धानंतरही निकाली निघत होते.

मिलिटेअरपास, म्हणजे सैनिकाचं छोटं पासबुक. त्यात सन्मानचिन्हांचा रकाना असतो आणि भाग घेतलेल्या लढायांची यादी. प्रमाणपत्रावरची तारीख आणि तुकडी या यादीशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर दोन वेगळ्या माणसांचे कागद एकत्र बांधलेले असण्याचा संभव मोठा. आडनाव सारखं, जन्मतारीख वेगळी, हा प्रकार म्युलर आणि श्मिट यांच्या बाबतीत हमखास होतो.

तिसरा, 1934 चा सन्मान-क्रॉस आणि त्याचं प्रमाणपत्र. हा स्वतंत्र विषय आहे, खाली लिहितो.

कागद खोटा आहे का हे पाहताना शिक्का आणि सही भिंगाखाली धरा. रबरी शिक्क्याची शाई कागदाच्या तंतूंत पसरते. रंगीत प्रिंटरने काढलेल्या शिक्क्यात निळे-गुलाबी-पिवळे ठिपके दिसतात. मग अंधारात अतिनील टॉर्च लावा. कागद निळसर पांढरा झळाळला तर त्यात प्रकाशवर्धक रसायन आहे, आणि ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदात येतं. 1916 चा कागद मंद, पिवळट दिसतो.

---

मृण्मयी_18

हीच टॉर्च फितीवरही चालते. जुनी सुती किंवा रेशमी फीत अतिनील प्रकाशात मंद राहते, नवी कृत्रिम धाग्याची फीत झळाळते. पण उलट निष्कर्ष काढताना जपून: मधल्या काळात कोणी फीत आजच्या साबण-पावडरीने धुतली असेल तर अस्सल फीतही झळाळते. दोरा जाळून पाहायचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका, एकदा जाळलेला धागा परत येत नाही.

फितीचा रंगही वाचायचा असतो. काळी फीत आणि कडेला पांढरे पट्टे म्हणजे लढाऊ सैनिक. पांढरी फीत आणि काळे पट्टे म्हणजे बिनलढाऊ कामगिरी. पांढऱ्या फितीचे क्रॉस फार कमी दिले गेले, म्हणून साध्या क्रॉसला नवी पांढरी फीत लावून विकणं हा सोपा धंदा आहे. क्रॉस दोघांचा एकच, फरक फक्त फितीचा. तेव्हा पांढऱ्या फितीसाठी जादा पैसे द्यायचे तर कागद दाखवा म्हणावं.

---

तळेगावकर

आणि बऱ्याच पदकांची शिवलेली पट्टी असते, ती?

---

मृण्मयी_18

ऑर्डेन्सश्पांगं. माहितीच्या दृष्टीने सुट्या क्रॉसपेक्षा ती कितीतरी बोलकी, आणि फसवणूकही तिच्यातच जास्त. धातूच्या पातळ पट्टीवर फिती दुमडून शिवतात, मागे लोकरीचं कापड आणि आडवी टाचणी. हे पाहा:

फितीची दर्शनी बाजू उडालेली, पण मागे दुमडलेला भाग गडद हवा. दोन्ही सारखेच फिके असतील तर फीत आधी सुटी होती, पट्टीवर नंतर चढली.

पदकं एकमेकांवर थोडी चढून बसतात, त्यामुळे एकाची कड दुसऱ्यावर वर्षानुवर्षं घासून चंद्रकोरीसारखी रेघ पडते. ती रेघ बरोबर त्याच उंचीवर हवी. शेजारचं पदक लहान आणि रेघ मात्र मोठ्या पदकाची, तर जोडी बदललेली आहे.

क्रम. साधारणतः सैनिक आपल्या राज्याचं चिन्ह मानाच्या जागी लावे आणि परक्या राज्यांची नंतर. प्रशियन माणसाच्या पट्टीत लोखंडी क्रॉस पहिला. बव्हेरियन माणसाच्या जुन्या पट्टीत बव्हेरियाचा लष्करी गुणवत्ता क्रॉस पहिला दिसतो. 1934 नंतर बांधलेल्या पट्ट्यांत लोखंडी क्रॉस सगळ्यांनीच पुढे आणलेला आढळतो. पट्टीत 1934 चा सन्मान-क्रॉस असेल तर ती त्याआधीची असूच शकत नाही, मागे कैसरच्या दरबारी शिंप्याचं लेबल असलं तरी.

हॅम्बुर्ग, ब्रेमन, ल्युबेक या तीन शहरांचे लाल मिन्याचे हान्सिएटिक क्रॉस (1915) पट्टीत असले तर शोध पुष्कळ अरुंद होतो. माणूस त्या शहराचा, किंवा त्या शहराशी जोडलेल्या रेजिमेंटचा. तिन्हींच्या पाठीवर युद्धातल्या गुणवत्तेबद्दलची ओळ सारखीच, फरक पुढच्या मधल्या राजचिन्हात. मिना तपासताना तिरका उजेड टाका, केसासारखे तडे समोरून दिसत नाहीत. तडा गेलेला मिना नखपॉलिशने 'दुरुस्त' केलेला असतो. त्या जागेचा पोत भिंगाखाली वेगळा दिसतो, आणि अतिनील प्रकाशातही ती बहुधा वेगळी उठून येते.

---

वाळवंटी वारा

तळेगावकरांच्या कुतच्या उल्लेखावरून एक भर. मेसोपोटेमियात त्या वेढ्याच्या पलीकडच्या बाजूला ऑटोमन सैन्याची धुरा फील्ड मार्शल फॉन डेर गोल्त्स या जर्मनाकडे होती (एप्रिल 1916 मध्ये बगदादला वारला, कुत पडायच्या काही दिवस आधी). तुर्की आघाडीवर असलेल्या जर्मनांना ऑटोमन युद्धपदक मिळे: लाल पंचकोनी तारा, त्यावर चंद्रकोर, सुलतान पाचव्या मेहमेदचा तुघरा (सहीची मोहोर) आणि हिजरी 1333, म्हणजे 1915. जर्मन पट्टीत तो असला तर माणसाच्या सेवेचा भूगोल एकदम ठरतो.

तुर्कस्तानात वाटलेले तारे ओबडधोबड, मिन्याऐवजी लाल रंग. जर्मनांनी मायदेशी विकत घेतलेले नीटस, खऱ्या मिन्याचे, पाठीवर बहुधा कारखान्याची खूण BB & Co. दोन्ही अस्सल आहेत. ओबडधोबड तारा पाहून 'नकली' म्हणणारे पुष्कळ भेटतील, ऐकू नका.

---

खारीक

आता 1934 चा सन्मान-क्रॉस. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने 13 जुलै 1934 रोजी जाहीर केला, म्हणून हिंडेनबर्ग क्रॉस. तीन प्रकार: तलवारी असलेला आघाडीवर लढलेल्यांना (62 लाखांच्या वर), बिनतलवारीचा इतर सेवेसाठी (सुमारे 11 लाख), आणि काळा, मृतांच्या पत्नींना व आईवडिलांना (सुमारे 7 लाख). लोखंडी, स्वस्त, सगळीकडे मिळतो. नवशिक्याने सुरुवात इथून करावी असं माझं ठाम मत आहे, कारण हा अर्ज करून मिळत असल्याने प्रमाणपत्रावर नाव, गाव, तारीख आणि देणाऱ्या पोलीस किंवा जिल्हा कार्यालयाचा शिक्का असतो. गाव कळलं की कोणत्या राज्याच्या अभिलेखागारात जायचं ते कळतं.

आणि सगळं तिथेच ठरतं. प्रशियन सैन्याचे कागद पॉट्सडामच्या लष्करी अभिलेखागारात होते, ते एप्रिल 1945 च्या बाँबहल्ल्यात बहुतांशी जळाले. प्रशियन शिपाई असेल तर शोध बरेचदा इथेच थबकतो. बाकीच्यांचं नशीब बरं:

बव्हेरिया: म्युनिकच्या मुख्य राज्य अभिलेखागाराचा युद्धविभाग. इथल्या श्टामरोलं, म्हणजे तुकडीनिहाय नोंदवह्या, ऑनलाइनही पाहता येतात. जन्म, धर्म, व्यवसाय, आईवडील, लढाया, जखमा, पदकं, सगळं एका आडव्या ओळीत.
व्युर्टेम्बर्ग: श्टुटगार्ट.
बाडन: कार्ल्सरुहं.
सॅक्सनी: ड्रेस्डन.
नौदल: फ्रायबुर्गचं लष्करी अभिलेखागार.

प्रशियन माणसासाठी उरतात त्या फेअरलुस्टलिस्टन, छापील हानी-याद्या. जखमी, मृत, बेपत्ता, कैदी यांच्या 80 लाखांहून अधिक नोंदी जर्मन वंशावळी-संगणक मंडळाने टंकून शोधता येतील अशा केल्या आहेत, मोफत. दोन अडचणी. युद्धाच्या उत्तरार्धात यादीतून तुकडीचं नाव गेलं आणि नुसती वर्णानुक्रमे नावं आली, म्हणून तिथे गाव आणि जन्मतारीख हाच आधार. दुसरं, छपाई गॉथिक वळणाची असल्यामुळे f आणि लांब s, k आणि t यांची अदलाबदल होते. नाव सापडलं नाही तर ही अक्षरं उलटसुलट करून पुन्हा शोधा. आणि जो जखमीच झाला नाही, तो यादीत नसणारच.

कैद झालेल्यांसाठी जिनीव्हाच्या रेडक्रॉसची 1914-18 ची कार्डं ऑनलाइन आहेत, दोन्ही बाजूंची. अधिकारी असेल तर युद्धापूर्वीच्या वार्षिक हुद्देयाद्या पाहा, त्यात नावापुढे पदकांची चिन्हं छापलेली असतात.

---

नलिनी_न

हस्ताक्षर वाचता येत नाही, ही माझी अडचण. झ्युटरलीन हे जुनं जर्मन हस्ताक्षराचं वळण शिकावं का?

---

खारीक

झ्युटरलीन नव्हे, कुर्रेंट शिका. झ्युटरलीन प्रशियाच्या शाळांत 1915 पासून आलं. 1916 चा कारकून शाळेत जुनं कुर्रेंट शिकलेला होता. सुरुवातीला e हा n सारखा वाटतो, u वर छोटी कमान असते, आणि n वर नसते. पूर्ण वाक्यं वाचायची गरज फारशी पडत नाही, संक्षेप ओळखता आले की काम होतं: Gefr. लान्सनायकासारखा हुद्दा, Vzfw. वरिष्ठ सार्जंटच्या जवळपासचा, Ldw. आणि Ldst. वयस्क राखीव दलं, R.I.R. राखीव पायदळ रेजिमेंट, Ers. Btl. बदली बटालियन.

---

भटका जिराफ

कायद्याचं कोणीच लिहिलं नाही. 1914 च्या क्रॉसवर स्वस्तिक नाही, त्यामुळे अडचण नाही. 1939 च्या क्रॉसवर मधोमध नाझी स्वस्तिक आहे, आणि जर्मन दंडसंहितेच्या कलम 86अ प्रमाणे ते सार्वजनिकरीत्या दाखवणं गुन्हा आहे. इतिहास-संशोधनासारख्या कारणांना सूट आहे. म्हणून जर्मन लिलावाच्या कॅटलॉगमध्ये त्या जागी चिकटपट्टी दिसते. 26 जुलै 1957 च्या कायद्याने जुन्या सैनिकांना ही चिन्हं स्वस्तिकाशिवाय लावायची परवानगी दिली, आणि 1939 च्या क्रॉसची ओकची पानं असलेली आवृत्ती निघाली. ती 'दुर्मिळ बिनस्वस्तिक प्रकार' म्हणून विकली जाते. ती 1957 नंतरची आहे, बस.

भारतातल्यांसाठी: 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे आणि 1914-18 चे क्रॉस ती ओलांडून गेलेत. बाहेरून आणलेला क्रॉस पुढे परदेशी विकायला पाठवला तर कस्टम्स पुरातत्त्व खात्याचा दाखला मागू शकतं. खरेदीची पावती, पाकिटावरची कस्टम्स घोषणा आणि बिल ऑफ एंट्री जपून ठेवा. पार्सलवर 'खेळणं' किंवा 'भेट' लिहायला विकणाऱ्याला सांगू नका.

---

कोंदण

जतनाबद्दल. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात या क्रॉसचं जेवढं नुकसान होतं तेवढं शंभर वर्षांत तिकडे झालं नसेल. लोखंडी गाभा चौकटीत बंद असतो, दमट हवा फटीतून आत जाते, गंज फुगतो आणि रंग आतून उचलला जातो. आकड्यांच्या आसपास बारीक फोड दिसले तर ते गंजाचे आहेत.

चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही लावू नका. आम्ल फटीत शिरून बसतं आणि धुवून निघत नाही. चांदी चकचकीत केली की भाव उतरतोच, वर पॉलिशची पांढरी पूड दाण्यांत कायमची अडकते. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटका, गाभ्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या, फडक्याने पुसा.

पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं नकोत, त्यातून सुटणारी आम्लं धातू हिरवट-चिकट करतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा 40 टक्क्यांच्या आसपास हवा. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करा. मखमली आणि लोकरीच्या अस्तराच्या खोक्यात चांदी लवकर काळी पडते, आणि लाकडी खणातली वाफही चांगली नाही.

---

मृण्मयी_18

फितीत कसर लागली असेल तर डांबरगोळ्यांऐवजी पट्टी घट्ट बंद पिशवीत घालून डीप फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर थंड लोखंडावर दव जमून गंजाला आमंत्रण.

---

तळेगावकर

अभिलेखागाराला पत्र लिहायचं तर काय लिहावं?

---

खारीक

जर्मनमध्ये, चार ओळी. आडनाव आणि नाव, जन्मतारीख किंवा निदान जन्मगाव, तुकडी जशी कागदावर आहे तशीच संक्षेपासकट, आणि प्रमाणपत्राची तारीख. पुढची-मागची बाजू स्कॅन करून जोडा. 'या सैनिकाची सगळी माहिती द्या' असं मागू नका, 'अमुक रेजिमेंटच्या श्टामरोलंत याची नोंद आहे का, असल्यास प्रतीचा दर किती' एवढंच विचारा. शोधाला वेळेप्रमाणे शुल्क लागू शकतं, ते आधी कळवा म्हणावं. नुसत्या क्रॉसचा फोटो पाठवून 'हा कोणाचा' विचारलंत तर उत्तर देणं त्यांनाही शक्य नाही.